राणी किलोतळेला माया कुणी केलं?

1932 साली कोल्हापुरात तयार झालेल्या एका बोलपटात दुर्गा खोटे राणी झाल्या आणि राणीच्या सोबतीला पाळीव चित्ता आला. बोलपट होता प्रभात फिल्म कंपनीचा ‘माया मच्छिंद्र’, दिग्दर्शक व्ही. शांताराम. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. ज्यांनी तो कधी पाहिला नाही, त्यांनाही राणी किलोतळा आणि तिचा चित्ता ही जोडी जुन्या छायाचित्रांतून माहीत असते. पुरुषांचा द्वेष करणाऱ्या बायकांचं राज्य, त्या राज्याची ही राणी, आणि तिच्या दारात येऊन पडलेला योगी मच्छिंद्रनाथ. एवढ्या वर्णनावर कुणालाही वाटेल की ही मराठी पडद्यावरची पहिल्या काळातली एक जबरदस्त बाई असणार.

पडद्यावर ती जबरदस्त दिसते, यात वादच नाही. पण ही राणी ज्या कथेतून आली तिथे ती कशी होती, हे ताडून पाहिलं तर हिशेब वेगळाच निघतो.

कथा नवनाथांची. ती मराठी घरांत पोचली प्रामुख्याने ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीतून. धुंडीसुत मालू नावाच्या कवीने शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, ती पुरी केली. चाळीस अध्याय आणि 7,600 ओव्या. तिला कादंबरी म्हणता येणार नाही, पण अद्भुत कथेची भूक महाराष्ट्रात कित्येक पिढ्या ज्या ग्रंथांनी भागवली त्यांत ही पोथी फार वरच्या जागी आहे. मंतरलेलं भस्म, आकाशातून जाणारी विमानं, देवांशी होणारी अस्त्रांची युद्धं, मेलेल्यांना उठवणं, सोन्याचे डोंगर, सगळं तिच्यात आहे. आमच्या आजीकडे श्रावणात तिचं पारायण असायचं. आम्हा पोरांना फलश्रुतीशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही मारुती आणि मच्छिंद्राची लढाई कधी येते याची वाट बघत बसायचो. नाथांचा मुलूखही लांबचा नव्हता. गोरक्षनाथांचं बत्तीस शिराळा आणि वाळव्याकडचा मच्छिंद्रगड ही नावं कोल्हापूरच्या माणसाला शेजारच्या गावांसारखी असतात.

पोथीत राणीचं नाव मैनाकिनी. तिलाच किलोतळा म्हणतात. तिची कथा मच्छिंद्राच्या येण्यापासून सुरू होत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. ती मूळची सिंहलद्वीपाची. विमानातून जाणाऱ्या उपरिक्षवसूचं वस्त्र वाऱ्याने उडतं, ते पाहून ती हसते, आणि तो संतापून शाप देतो की तू स्त्रीराज्यात जाऊन पडशील. हा उपरिक्षवसू म्हणजे पुढे मच्छिंद्राचा बाप. एका बाईच्या हसण्यावरून कथा सुरू होते आणि त्या हसण्याची शिक्षा तिला राज्य देऊन केली जाते, ही गंमत मला आजही पुरती उलगडलेली वाटत नाही.

स्त्रीराज्यात पुरुष नाहीत. मारुतीच्या भुभुःकाराने तिथल्या बायकांना गर्भ राहतो आणि त्यातला पुरुषगर्भ टिकत नाही. राणी झालेल्या मैनाकिनीला एक साधा प्रश्न पडतो. पशुपक्ष्यांत नरमादीची जोडी दिसते, मग आमच्यातच ती का नाही? कारण कळल्यावर ती गप्प बसत नाही. ज्याच्या आवाजाने आम्हाला मुली होतात त्यानेच समोर यावं म्हणून ती अनुष्ठान मांडते, स्वतःच्या देहाचं मांस अग्नीत वाहते. मारुतीला यावं लागतं. पण तो ब्रह्मचारी. तो तिला शब्द देतो की मच्छिंद्रनाथ येईल आणि तुझी इच्छा पुरी करील.

म्हणजे मच्छिंद्र स्त्रीराज्यात जातो तो मोहाने वाट चुकून नव्हे. एका देवाने एका बाईला दिलेला शब्द पाळायला त्याला पाठवलं जातं. सेतुबंध रामेश्वरापाशी मारुती आणि मच्छिंद्र यांची झटापट होते, ओळख पटते आणि मारुती आपलं काम त्याच्या गळ्यात घालतो. मच्छिंद्र आढेवेढे घेतो, आपल्या ब्रह्मचर्याचं काय म्हणतो, शेवटी जातो. तिथे पोचल्यावर मात्र तो रमतो, आणि पोथी हे झाकत नाही. त्याला मीननाथ नावाचा मुलगा होतो. या पोथीत कुणी माशाच्या पोटी जन्मतो, कुणी यज्ञाच्या अग्नीतून, कुणी हत्तीच्या कानातून, आणि गोरक्ष तर शेणाच्या उकिरड्यात टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी उठतो. अशा गोतावळ्यात मीननाथ रीतसर आईच्या पोटी येतो. त्याची आई कोण, ती कुठून आली, तिने त्याच्यासाठी काय सोसलं, हे सगळं वाचणाऱ्याला माहीत असतं.

पुढचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गोरक्ष गुरूला शोधत येतो, कलिंगा नावाच्या कलावंतिणीच्या ताफ्यात स्त्रीवेषाने शिरतो आणि दरबारात मृदंगाच्या बोलातून गुरूला हाक घालतो. राणी त्याला नाना तऱ्हांनी अडवते, लग्नाचं, ऐश्वर्याचं आमिष दाखवते. तो बधत नाही. मीननाथाला धुऊन आण म्हटल्यावर पोराला धुण्याच्या पिळ्यासारखं दगडावर आपटतो आणि नंतर जिवंत करून देतो, हा प्रसंग लहानपणी ऐकताना आमच्या पोटात गोळा यायचा. अखेर गुरू निघतो, पण तोही झोळीत सोन्याची वीट घेऊन. ती वीट गोरक्षाला वाटेत फेकून द्यावी लागते. मैनाकिनीचा शाप इथे संपतो आणि उपरिक्षवसूच तिला विमानात घालून सिंहलद्वीपाला परत नेतो.

या कथेत मैनाकिनी हरते. तिला नवरा मिळाला तसा गेला, मुलगाही गेला. पोथीचा कल उघड गोरक्षाकडे आहे, तिला काही आजच्या अर्थाने स्त्रीची बाजू मांडायची नाही. तरीसुद्धा हरलेल्या बाईजवळ काय काय शिल्लक राहतं ते बघा. तिला भूतकाळ आहे, इच्छा आहे, त्या इच्छेसाठी केलेलं तप आहे, तिला दिलेला शब्द आहे आणि परत जायला घर आहे.

आता ‘माया मच्छिंद्र’. चित्रपट मणिशंकर त्रिवेदी यांच्या ‘सिद्धसंसार’ या नाटकावर आधारलेला. मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे, गोरक्ष मास्टर विनायक. टेंबे सांगवड्याचे, विनायक कोल्हापूरचेच. टेंबे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. 1911 साली ‘मानापमान’ला चाली देणारे आणि 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढणारे हे गृहस्थ. ज्या रंगभूमीवर नायिका म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, तिथे त्यांची उमेद गेली होती. आता समोर खरीखुरी बाई होती, तीही सॉलिसिटरची मुलगी, सेंट झेवियर्सला शिकलेली, सत्तावीस वर्षांची, दोन मुलांची आई. त्याच वर्षी आलेल्या ‘अयोध्येचा राजा’त या दोघांनी हरिश्चंद्र-तारामती केले होते. 1913 साली फाळक्यांना तारामतीसाठी अण्णा साळुंके उभे करावे लागले होते, आणि 1920 साली याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त बायका पडद्यावर आल्या, त्याचं केवढं अप्रूप झालं होतं. त्या मानाने 1932 सालची किलोतळा ही फार लांबची मजल आहे. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण किलोतळेला चित्ता देताना पोथीतलं काय काय काढून घेतलं, तेही मोजू.

पहिली गोष्ट तिची इच्छा. पोथीतल्या राणीला पुरुष हवा आहे आणि त्यासाठी ती तप करते. पडद्यावरच्या राणीला पुरुषांचा तिटकारा आहे. वरवर पाहता ही बढती वाटते. हवं-हवं म्हणणारी बाई दुबळी आणि नको म्हणणारी बाणेदार, असं आपल्या मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात द्वेष हा असा कोट आहे की त्याला पाडण्यातच प्रेक्षकाला मजा येते. पुरुषद्वेष्टी राणी आली की ती पुरुषापुढे कधी नमते याची वाट बघायला आपण खुर्चीत सरसावून बसतो. हे काही प्रभातने शोधलेलं नाही. ‘जैमिनी अश्वमेधा’तली स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडवते, त्याच्याशी लढते आणि शेवटी त्याच्याशीच तिचं लग्न लागतं. स्त्रीराज्याची कल्पनाच जुनी. कामसूत्रात ते नाव येतं, बृहत्संहितेत येतं. बंगालीत शेख फैजुल्लाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘गोरक्षविजया’त याच मच्छिंद्राला कदलीराज्यातल्या बायका अडकवून ठेवतात. प्रत्येक ठिकाणी गुरूला सोडवायचं असतं. मालूकवीचं वेगळेपण एवढंच की त्याने अडकवणारीलाही कारण दिलं. चित्रपटाने ते कारण काढलं आणि द्वेष ठेवला.

चित्त्याबद्दल इथेच थोडं सांगतो, कारण त्यात कोल्हापूर आहे. कोल्हापूर दरबाराला चित्त्यांकरवी काळवीट धरण्याच्या शिकारीचा मोठा षौक होता. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तसे दरबाराने ते आफ्रिकेतून मागवले. ते सांभाळणारे चित्तेवान ही या गावातली ओळखीची माणसं. म्हणून मुंबईच्या प्रेक्षकाला किलोतळेचा चित्ता नवलाचा वाटला असेल, पण कोल्हापूरकराला त्यात राजवाड्याची खूण दिसणार. आमच्याकडे चित्ता पाळतो तो छत्रपती. बाईच्या हाताखाली चित्ता दाखवणं म्हणजे दरबारी भाषेत तिला पूर्ण राजा करून टाकणं होतं. बाहेरून एवढी सत्ता पोथीने तिला कधीच दिली नव्हती.

दुसरी गोष्ट मोठी आहे. चित्रपटाच्या शेवटी कळतं की हे सगळं मायेचा खेळ होता. ब्रह्मचर्याचा उपदेश करणारा गुरू घसरलाच नव्हता, शिष्याची परीक्षा पाहायला आणि त्याला शहाणं करायला त्याने हे सगळं रचलं होतं. चित्रपटाच्या नावातच ते सांगून ठेवलं आहे.

असा शेवट कशासाठी? मला त्यामागे दोन कारणं दिसतात. एक गुरूच्या अब्रूचं. पोथी ऐकणाऱ्या माणसाला मच्छिंद्र घसरल्याचा धक्का बसत नाही. तो गुरूही मानतो आणि झोळीतली सोन्याची वीटही मानतो, दोन्ही एका दमात. ज्ञानेश्वरांची परंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगितली जाते. त्या आदिगुरूला तिकीट काढून आलेल्या, शिकल्यासवरल्या प्रेक्षकासमोर बायकोपोरांत रमलेला दाखवायचा आणि तसाच सोडायचा, हे अवघड. मग त्याला सोडवायची एकच वाट उरते. तो खरा राहायचा असेल तर राणी खोटी ठरली पाहिजे. संसार झालाच नाही म्हणायचं, तर जिच्याशी झाला ती बाईही झालीच नाही.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. माणूस क्षणात नाहीसा होणं, एकाचं दुसरं होणं, असल्या ट्रिकदृश्यांसाठी ही कथा म्हणजे पर्वणी. मायेचा बाजार मांडणारा योगी आणि मायेचा बाजार मांडणारा स्टुडिओ यांचं गोत्र एकच. आणि ‘माया’ या शब्दाची सोय अशी की स्त्रीराज्य, शृंगार, दरबार सगळं पडदाभर दाखवायचं आणि शेवटी हात झटकून म्हणायचं, अहो, यातलं काही खरं नव्हतंच. प्रेक्षकाला दोन्ही मिळतं. किलोतळेला मात्र काहीच उरत नाही. मैनाकिनी हरल्यावर सिंहलद्वीपाला जाते. किलोतळा कुठे जाणार? जी नव्हतीच तिला घर कुठलं?

माझ्या पिढीने असलाच व्यवहार आणखी एका अद्भुत कथेत पाहिला आहे. अभियांत्रिकीला असताना वसतिगृहात एकाच्या लॅपटॉपवर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही चित्रपट आम्ही रात्र रात्र जागून बघितले. पुस्तक मी बऱ्याच उशिरा वाचलं. पहिल्या चित्रपटात काळ्या स्वारांना नदीपलीकडून तलवार उपसून आव्हान देणारी आर्वेन आमची लाडकी. पुस्तकात त्या जागी ग्लॉरफिंडेल नावाचा भलताच पुरुष आहे, आणि घोड्यावरून नदी ओलांडून स्वारांना ललकारतो तो खुद्द फ्रोडो. आर्वेन पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही. म्हणजे चित्रपटाने तिला दिलं, असंच कुणीही म्हणेल. पण पुस्तकाच्या परिशिष्टात तिची जी कथा आहे तिथे अमरत्व सोडायचा निर्णय तिचा आहे, आणि त्याची किंमत ती शेवटी एकटी, रानात, पुरेपूर मोजते. चित्रपटात पुढे तिचा जीवच त्या अंगठीच्या दुष्टाव्याशी बांधला जातो. ती खंगत जाते आणि तिला वाचवायला इतरांनी लढायचं असतं. तलवार दिली, आणि जगायचं की मरायचं हे ठरवणं तिच्या हातून थोडं काढून घेतलं. 2001 सालच्या न्यूझीलंडात आणि 1932 सालच्या कोल्हापुरात लोकांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नाही. तरी पडद्यावर बाईला मोठं करायचं म्हटलं की हात आधी शस्त्राकडे किंवा श्वापदाकडे जातो, कारण ते लांबून दिसतं. इच्छा लांबून दिसत नाही. तिच्यासाठी ओव्या लागतात, परिशिष्टं लागतात, वेळ लागतो.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिला आहे. शेवट काय आहे याला प्रेक्षक खरंच एवढी किंमत देतो का? राणी खोटी होती असं कथेने सांगितलं, पण दुर्गा खोटे खोट्या नव्हत्या. चित्रपट पाहून घरी जाणाऱ्याच्या डोळ्यांत ती चालत असणार, तिचा आवाज कानात असणार. नव्वद वर्षांनंतर ‘माया मच्छिंद्र’ म्हटल्यावर गोरक्षाला मिळालेला धडा कुणाला आठवत नाही, राणी आठवते. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. फक्त आठवते ती राणीची ऐट. तिला काय हवं होतं हे कुणाला आठवत नाही, कारण ते तिथे नव्हतंच.

प्रभातच्या लोकांना हे कुठेतरी खुपलं असेल का? तसा पुरावा मागू नये, पण एक गोष्ट नजरेत भरते. 1933 साली कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. 1936 साली तिथून ‘अमर ज्योती’ आला. दिग्दर्शक पुन्हा शांताराम, नायिका पुन्हा दुर्गा खोटे, भूमिका पुन्हा पुरुषांच्या सत्तेवर संतापलेल्या बाईची. या वेळी ती समुद्री लुटारूंची म्होरकी सौदामिनी. कायदा तिला तिच्या पोटच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती सूडाला उभी राहते आणि ज्या न्यायमंत्र्याने तो कायदा चालवला त्याला पकडते. संताप तोच, पण त्याच्या मुळाशी आता कारण आहे. आणि ते कारण म्हणजे आईपासून तोडलेलं मूल. मीननाथाच्या आईच्या बाबतीत जे पोथीत आहे, तेच वेगळं नाव घेऊन परत आल्यासारखं वाटतं. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पुढे सौदामिनीचंही म्हणणं सौम्य होत जातं, नव्या पिढीच्या प्रेमकथेला वाट करून दिली जाते, ते असो. निदान सौदामिनीला शेवटी कुणी माया म्हणत नाही.

पोथीत मैनाकिनीच्या बेटावर आपण आणखी एकदा जातो. शेवटाकडच्या अध्यायांत इंद्राला नाथांची विद्या हवी असते. ती मागून मिळणार नाही म्हणून तो सोमयागाचं निमित्त काढतो आणि सगळ्या नाथांना एका जागी बोलावतो. ती जागा सिंहलद्वीप. जिथे मैनाकिनी हसली होती आणि जिथे ती परत गेली, त्याच बेटावर नवनाथांचा मेळा भरतो. मच्छिंद्र तिथे मीननाथाला शिकवायला बसतो, आणि देवांचा राजा मोराचं रूप घेऊन, चोरून, तिच्या मुलाचा धडा ऐकत राहतो.